रविवारी घरी कोण थांबतं?

प्रिय ताई,

तुमचं पत्र पोचून आठ दिवस झाले. चार पानं, पाठपोट लिहिलेली, तिसऱ्या पानावर हळदीचा डाग. उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्या वाचनात जे सुचलं ते दुसऱ्या वाचनात मलाच पटेना.

बाकीच्या वाचकांसाठी मजकूर थोडक्यात सांगते. ताई मूळच्या नगरच्या, लग्न होऊन इंदूरला सुदामा नगरात आल्याला एकवीस वर्षं झाली. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच उरलंय. ताई एका दुकानात हिशेब लिहायला जातात तेवढा वेळ आयाबाई असते, पण रविवारी तिची सुट्टी. त्यामुळे सव्वा वर्षात ताई चर्चला गेल्या त्या फक्त नाताळला. जाऊबाई गायनमंडळात आहेत. त्यांनी सुनावलं, ‘सेवा ती सेवा, उपासना ती उपासना. दोन्हींची सरमिसळ करू नकोस.’ पुढचं ताईंच्याच शब्दांत देते:

‘पोळ्या लाटताना मोबाइलवर चर्चची उपासना लावते, तर चोरी केल्यासारखं वाटतं. रात्री गुडघे टेकते आणि तिथेच पलंगाला डोकं टेकून झोपते. मागच्या महिन्यात मी आईंवर ओरडले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून प्रार्थनेला शब्दच येत नाहीत. मी दिवसभर जे करते ते देव उपासना म्हणून धरतो का, की मी नुसतीच स्वतःची समजूत काढतेय?’

ताई, सोपं उत्तर तयारच आहे. आपल्या इंदुरात कितीतरी दुकानांत गल्ल्याच्या मागे ‘कर्म ही पूजा है’ अशी पाटी असते. तसंच काहीतरी लिहून टाकायचं, की तुमची सेवा हीच उपासना, चर्चला नाही गेलात तरी बिघडत नाही, निश्चिंत राहा. पण ती पाटी मालक लावतो, नोकर नाही, हे कधी तुमच्या लक्षात आलंय का? दमलेल्या बाईला ‘तुझं काम हीच पूजा’ म्हणणं फार सोयीचं असतं. म्हणणाऱ्याला उठावं लागत नाही.

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, पाळकाची मुलगी आहे. आमच्याकडे रविवारी दुपारी जेवायला कमीत कमी सहा पाहुणे असत. माझ्या आईने वडिलांचा उपदेश शेवटपर्यंत ऐकल्याचं मला आठवत नाही. उपदेश निम्म्यावर आला की ती मागच्या दाराने उठून भाताचं बघायला जायची. वडील देवमाणूस होते असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण ‘आज भात मी लावतो’ असं ते कधी म्हणाले नाहीत. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

आता जाऊबाईंचं वाक्य घेऊ, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. सेवा आणि उपासना खरंच वेगळ्या का? बायबलच्या पहिल्या भागाच्या, म्हणजे जुन्या कराराच्या, इब्री भाषेत ‘अवोदा’ हा शब्द आहे. शेतातल्या राबण्याला तोच आणि मंदिरातल्या उपासनेलाही तोच. एदेन बागेत आदामाला मशागतीला ठेवलं, तिथलं क्रियापदही याच धातूचं. येशूचा प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात, बाराव्या अध्यायात, सांगतो की आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा. तिथे त्याने वापरलेला ग्रीक शब्द मंदिरातल्या विधींसाठीचा आहे, आणि आपल्या मराठी बायबलात त्याचं भाषांतर ‘सेवा’ असं केलंय. पौल शरीरं म्हणतो, हे बघा. नुसती मनं नाहीत, नुसते गळे नाहीत. कंबर, हात, रात्री दोनला उठणारे पाय, सगळं त्यात आलं. म्हणजे जाऊबाईंनी आखलेली रेघ पौलाला मान्य झाली नसती.

पण मराठी शब्द वेगळ्याच वाटेने आलाय. ‘उपासना’ म्हणजे जवळ बसणं. उप म्हणजे जवळ, आणि आस् म्हणजे बसणं. इथल्या चर्चमध्ये हिंदीत ‘आराधना’ म्हणतात, तोही छान शब्द आहे. पण नगरच्या तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी-तबल्यावर जी व्हायची ती उपासना. आणि तुमच्या पत्रात बसणं कुठेच नाही. उठते, उचलते, पुसते, भरवते, कूस बदलते, डायपरचं वेगळं पुडकं बांधून कचरागाडीला देते. अख्ख्या चार पानांत तुम्ही एकदाही बसलेल्या नाही आहात. बसायची वेळ येते ती रात्री, गुडघ्यांवर, आणि तेव्हा झोप लागते.

त्या झोपेबद्दल आधी बोलू, कारण तिचा तुम्ही उगाच धसका घेतलाय. एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली आडवा झाला आणि ‘आता मरण दे’ म्हणाला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, प्रार्थनेला बस असंही सांगितलं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, ‘खा’ म्हटलं, आणि तो परत झोपला तर झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवलं तेही खाण्यासाठीच. पौलाच्या लांबलेल्या उपदेशात तर त्रोवस गावी युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला होता. लोकांनी त्याला मेलेला म्हणून उचललं, पण पौलाने त्याला कवटाळलं आणि तो जिवंत निघाला. झोपलास का म्हणून त्याला रागावल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पलंगाला डोकं टेकून तुम्ही झोपता ना, तर ‘प्रभू, मी आले’ एवढंच म्हणा आणि नीट अंथरुणात झोपा. मान तरी धरणार नाही.

मोबाइलवरच्या उपासनेला चोरी म्हणू नका. 2020 साली चर्चची दारं बंद होती तेव्हा आपण सगळ्यांनी तेच केलं, आणि तुमच्या जाऊबाईही तेव्हा पडद्यासमोरच बसल्या असतील. फक्त एक करा. एका गीतापुरतं लाटणं खाली ठेवा. तवा बंद, हात पुसलेले, पाच मिनिटं. दीड तास अर्ध्या कानाने ऐकण्यापेक्षा ते बरं.

रविवारबद्दल एक गोष्ट आपण विसरतो. पहिली जवळजवळ तीनशे वर्षं रविवार हा सुट्टीचा दिवस नव्हता. ती सवलत कॉन्स्टंटाइन बादशहाने 321 साली दिली. त्याआधीची मंडळी कामकरी माणसांची होती, त्यात गुलामही होते. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राटाला कळवतो, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. खातरजमा करायला त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्या दोघींना सेविका म्हणत. दिवसभर मालकाच्या घरी राबणाऱ्या बाया पहाटेच्या अंधारात उपासनेला जात होत्या, आणि मंडळीत त्यांना मान होता.

यातून मी तुम्हाला पहाटे चारला उठायला सांगणार, असं वाटून घाबरू नका. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्यानंतर साधारण चाळीस वर्षांनी रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती माणसाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. वाचन, उपदेश, प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देतात. दान गोळा होतं ते अनाथ, विधवा आणि आजाऱ्यांसाठी. म्हणजे जो आला नाही तो का आला नाही, कुठे आहे, हे मंडळीला ठाऊक असायचं, आणि त्याच्यापर्यंत पोचणं हा उपासनेचाच भाग होता. तुमच्याकडे सव्वा वर्षात किती जण आले? पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘सगळे विचारतात, दिसत नाहीस?’ विचारतात, पण कुठे? भाजी बाजारात आणि लग्नात. घरी येऊन कुणी विचारल्याचं मला तुमच्या पत्रात सापडलं नाही.

म्हणून तुम्ही पाळकांना फोन करा. सासूबाईंसाठी आणि तुमच्यासाठी प्रभुभोजन घरी द्यायला या, असं स्पष्ट सांगा. संकोच करू नका. याला कुणी मेहरबानी समजत असेल तर त्याला जस्टिनची आठवण द्या.

इथे बायबलातल्या मार्थेची गोष्ट येणारच. जाऊबाईंनी ती तुम्हाला एव्हाना ऐकवली नसेल तर मला आश्चर्य वाटेल. मरिया प्रभू येशूच्या पायाशी बसली, तिची बहीण मार्था कामात गुंतली, आणि प्रभू म्हणाला की मरियेने चांगला वाटा निवडला. पण मार्थेची तक्रार काय होती ते परत वाचा. माझ्या बहिणीने मला एकटीला टाकलंय, असं ती म्हणते. काम नको, असं नव्हे. प्रभूही तिला ‘स्वयंपाक सोड’ म्हणाला नाही, तिची दगदग आणि काळजी त्याला दिसली. नंतर त्यांचा भाऊ लाजर मेला तेव्हा गावाबाहेर प्रभूला सामोरी गेली ती मार्थाच, आणि ‘तू ख्रिस्त आहेस’ हे तोंडाने म्हणाली तीही मार्थाच. वल्हांडण या यहुदी सणाच्या सहा दिवस आधी त्यांच्या बेथानी गावात जेवण झालं, त्या प्रसंगी योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो की मार्था वाढत होती. या वेळी तिची तक्रार नाही, आणि तिला कुणी काही म्हणतही नाही. एक बहीण वाढतेय, दुसरी पायांना सुगंधी तेल लावतेय, एकाच घरात. हा भाग उपदेशात क्वचितच येतो.

4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं गेलं. उदयनगर भागात आदिवासी शेतमजुरांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी त्या झटत होत्या, आणि 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला येताना बसमध्येच त्यांना मारलं. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने मारेकऱ्याला राखी बांधली. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत संतपदाची रीत नाही, पण शेताच्या बांधावर आणि बसच्या सीटवर उपासना म्हणजे काय, ते या बाईकडे बघून मला कळतं. तुम्हाला हे उदाहरण द्यायला मात्र मी बिचकत होते. तुम्ही लगेच स्वतःला त्या मापाने मोजाल आणि आणखी एक खोली पुसायला घ्याल. त्यांच्यामागे त्यांचा संघ होता, सोबतिणी होत्या, रोजची एकत्र प्रार्थना होती. तुमच्यामागे कोण आहे?

आणि आता ज्यासाठी उत्तर आठ दिवस लांबलं ते लिहिते. तुमच्या आठ बाजूंच्या पत्रात यजमानांचा उल्लेख एकदाच आहे. ‘रविवारी हे आणि मुलगा चर्चला जातात, येताना पोहे-जलेबी आणतात.’ बस. सासूबाई कोणाची आई आहे, ताई?

परूशांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुद्यांना, येशूने ‘कुर्बान’वरून झापलं, तो मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय यजमानांनी आणि तुम्ही दोघांनी मिळून वाचावा अशी माझी विनंती आहे. त्या काळी एखादी वस्तू ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हटलं की ती आईबापांसाठी वापरण्यातून सुटका व्हायची. येशू म्हणतो, तुमच्या या रीतीने तुम्ही देवाचं वचन रद्द करता. देवाचं नाव पुढे करून आईकडे पाठ फिरवलेली त्याला चालत नाही. आमोस संदेष्टा तर याच्याही आठशे वर्षं आधीचा, तेकोवाचा मेंढपाळ. देव तुमच्या गाण्यांचा गोंगाट ऐकत नाही, त्याला न्याय वाहता हवाय, असं त्याने सांगितलं. त्याचं बोलणं गरिबांना लुबाडणाऱ्यांना होतं, तुमच्या घराला ते जसंच्या तसं लागू नाही. पण तुमच्या यजमानांच्या रविवारची किंमत तुम्ही मोजताय, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

ते माणूस म्हणून वाईट असतील असं मला वाटत नाही. जलेबी आठवणीने आणणारा नवरा मुळात मऊ असतो. त्यांना बहुधा दिसतच नाही. माझ्या वडिलांना भात दिसत नव्हता, तसंच. त्यांना ‘तुम्ही मला मदत करत नाही’ असं म्हणू नका, कारण मदत म्हटलं की काम तुमचंच ठरतं. ‘येत्या रविवारी आईंजवळ तुम्ही बसा, मी चर्चला जाते’ एवढं एक वाक्य गुरुवारी म्हणा. शनिवारी रात्री नको, शनिवारी रात्री कारणं फार सुचतात. आईचं डायपर बदलायला मुलाला अवघड होतं, हे मी समजू शकते, सासूबाईंनाही ते संकोचाचं होईल. त्यासाठी रविवारी सकाळी दोन तासांची दुसरी आया ठेवावी, आणि ती त्यांनी शोधावी, पैसेही त्यांनीच द्यावेत. पण भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला लाल चट्टा पडलाय का बघणं, हे मुलाला जमतं. नातवालाही जमतं. कॉलेजात जातो म्हणता ना? एक रविवार बाप, एक रविवार मुलगा. आणि महिन्यातून एकदा जाऊबाई. त्यांनाही ती सासूच आहे. गायनमंडळ एक रविवार त्यांच्याविना गाईल.

तुम्ही ओरडलात त्याबद्दल. हे मी शेवटी ठेवलं, कारण पत्रातही तुम्ही ते शेवटी, बारीक अक्षरात लिहिलंय. वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभू सांगतो. तुम्हाला कुठे लांब जायचं नाही. खुर्ची घ्या, पलंगाजवळ बसा, त्यांचा डावा हात हातात घ्या आणि म्हणा, ‘आई, त्या दिवशी मी ओरडले, माफ करा.’ त्यांना बोलता येत नाही म्हणून कळत नाही असं नाही. भिंतीकडे तोंड केलं, यावरून सगळं कळलं हे तुम्हालाही माहीत आहे. देवाशी बोलायला शब्द येत नसतील तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडा. ते अंधाराशी येऊन थांबतं, शेवटी दिलासा वगैरे काही नाही, तरीही ते स्तोत्रांत आहे आणि लोक ते उपासनेत म्हणत आलेत.

खुर्चीवर बसलाच आहात तर आणखी एक करून बघा. सासूबाईंचं मराठी गीतांचं जुनं पुस्तक कपाटावर फडक्यात बांधून ठेवलंय, असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते खाली काढा. झटक्याने ज्यांचं बोलणं जातं, त्यांना कधीकधी पाठ असलेलं गाणं मात्र गाता येतं. बोलणं आणि गाणं मेंदूत अगदी एकाच वाटेने जात नाही. माझ्या वडिलांना शेवटच्या वर्षी माझं नाव घेता येत नव्हतं. आई एक ओळ म्हणायची आणि ते दुसरी पुरी करायचे, सुरात, शब्द न चुकता. तुमच्या सासूबाईंना जमेल की नाही, मला सांगता येणार नाही. नाही जमलं तर तुम्ही एकट्याच म्हणा. आत्तापर्यंत तुम्ही त्यांच्यासाठी सगळं करत होतात, त्या नुसत्या पडून होत्या. या पाच मिनिटांत तुम्ही दोघी उपासक असाल, आणि तीही मराठीतून, जी तुम्हाला सव्वा वर्षं काय, एकवीस वर्षं इंदुरात सापडली नाही असं तुम्ही म्हणता.

तुमच्या कंबरेचं डॉक्टरांना दाखवा. त्याबद्दल तुम्ही दोन ओळी लिहून खोडल्यात, पण वाचता येतात.

रविवारी निघताना सुती साडी नेसा, लवकर निघा आणि हवं तर मागच्या बाकावर बसा. मोबाइल मात्र घरीच ठेवा. डायपर कुठल्या कपाटात आहेत हे विचारायला ते निदान तीनदा फोन करतील.